सोलापूरहून एका दिवसात समुद्र: किनारा निवडायचा कसा

सोलापूरहून जवळात जवळचा समुद्र म्हटलं तरी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जातो. पुण्याचा माणूस पहाटे निघून दुपारी अलिबागला जेवतो, कोल्हापूरकर नाश्त्याला रत्नागिरीत असतात. आपल्याला ते जमत नाही. आपली ‘एका दिवसाची सहल’ म्हणजे एक रात्र प्रवासात, एक दिवस किनाऱ्यावर आणि परतीची अर्धी-पूर्ण रात्र पुन्हा प्रवासात. हे एकदा मनाशी मान्य केलं की किनारा निवडायची रीतच बदलते. बहुतेक घरांत आधी नाव ठरतं, ‘तारकर्लीला जाऊ’ किंवा ‘काशीदला जाऊ’, आणि मग वेळ कशीबशी त्यात कोंबली जाते. मी पहिल्यांदा जाणाऱ्यांना उलटं करायला सांगतो. आधी रात्र कशी काढणार ते ठरवा, मग पंचांगात तिथी बघा आणि किनाऱ्याचं नाव शेवटी ठरवा. या क्रमाने गेलात तर हाती आलेले सात-आठ तास खरोखर समुद्राजवळ जातात, आणि सगळे सुखरूप घरी येतात.

आधी रात्रीचा प्रश्न सोडवा

घरातला एकच माणूस गाडी चालवणारा असेल तर एका दिवसाची समुद्रसहल स्वतःच्या गाडीने करू नका. रात्रभर चालवायचं, दिवसभर उन्हात आणि पाण्यात काढायचं आणि संध्याकाळी पुन्हा घाट चढून साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटर यायचं, हे कुणाच्याही शरीराला झेपणारं नाही. झोप सांगून येत नाही, तीही नेमकी जेवण झाल्यावर सरळ रस्त्यावर येते. दोन सराईत चालक असतील किंवा भाड्याच्या गाडीसोबत असा चालक असेल जो दिवसा खोली घेऊन झोपेल, तरच रस्त्याने जा. त्या खोलीचे पैसे सहलीच्या खर्चात पहिल्या ओळीत धरा. चालकाला वाळूत गाडीच्या सीटवर झोपायला लावून रात्री त्याच्या हातात सगळं कुटुंब देणं बरोबर नाही.

हे नसेल तर रेल्वे आहे, आणि खरं सांगायचं तर पहिल्या खेपेला मी रेल्वेच सुचवतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री साडेदहाच्या सुमाराला सोलापूरहून निघते, सकाळी सातच्या आसपास मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचवते. परतीची सिद्धेश्वरही मुंबईहून रात्री साडेदहाच्या पुढेच सुटते आणि सकाळी घरी आणते. म्हणजे दोन्ही रात्री आडवं पडून झोप होते आणि मधला दिवस पूर्ण मोकळा. वंदे भारत वेगवान आहे, पण या कामाला उपयोगाची नाही. सकाळी सहाच्या सुमाराला निघून दुपारी साडेबाराला पोचते आणि चारच्या सुमाराला परत निघते. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. शनिवार-रविवारच्या जागा लवकर जातात, त्यामुळे दोन महिने आधी तारीख ठरवलेली बरी. ही तारीख ठरवताना पंचांग कसं कामाला येतं ते पुढे येईलच.

मुंबईत उतरल्यावर स्टेशनवरच तोंड धुऊन, नाश्ता करून टॅक्सीने गेटवे ऑफ इंडिया गाठा. अंतर दोन-अडीच किलोमीटरच आहे. गेटवेहून मांडव्याला प्रवासी बोटी जातात, पाऊण ते एक तास लागतो. बऱ्याच कंपन्यांच्या बोटीच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, तेवढं तिकीट काढताना विचारून घ्या. सगळं सुरळीत झालं तर दहाच्या सुमाराला तुम्ही अलिबागच्या वाळूत असता. लहान मुलांना तर बोटीचा हा तासच सगळ्यात जास्त आवडतो. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट हा मार्ग राहतो. ती २०२० पासून सुरू आहे आणि तिच्यात गाडीही चढवता येते. पण पावसाळ्यात एका दिवसासाठी समुद्रावर जायचंच कशाला, हे पुढे सांगतो.

रस्ता कुठला

सोलापूरकरांचं नशीब असं की रत्नागिरी-नागपूर महामार्ग आपल्या गावातूनच जातो. मंगळवेढा, सांगोला, नागज, कवठे महांकाळ, मिरज, कोल्हापूर, पुढे मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा आणि रत्नागिरी. कोल्हापूरपर्यंत साधारण २४० किलोमीटर, तिथून रत्नागिरी १३०. गणपतीपुळ्याला जायचं तर हातखंब्याहून निवळी, जाकादेवी करत जा, म्हणजे एकूण ३८० किलोमीटरच्या आसपास भरतं. वाटेतले थांबे, चहा धरून आठ तास. रात्री दहाला निघालात तर सकाळी सहा-सातला समुद्र दिसतो.

या रस्त्यावर दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवायचे. एक म्हणजे आपल्याच भागात, सांगोल्यापासून मिरजेपुढेपर्यंत. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऊस तोडणी चालू असते आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे चाललेले असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी धुळीने झाकलेला. चौपदरी रस्ता आहे म्हणून वेग वाढवणाऱ्याला ती ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसते. या पट्ट्यात ऐंशीच्या वर जाऊ नका. दुसरी जागा आंबा घाट. धुकं, वळणं, अवजड वाहनं आणि अधूनमधून रस्त्यावर उभा गवा. घाट पहाटे पाचच्या पुढे, उजाडायच्या सुमाराला उतरेल असं निघायचं गणित बसवा. येताना तर अंधार पडण्याआधी घाट चढून झालाच पाहिजे. या एका नियमासाठी समुद्रावरचा सूर्यास्त सोडावा लागला तरी सोडा.

गुहागरचा विचार करणारे विचारतात की पंढरपूर, विटा, कराड करत गेलं तर जवळ नाही का? नकाशावर जवळ दिसतं, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पण कराडच्या आधीचा रस्ता गावागावांतून आहे आणि पुढे कोयनानगरवरून कुंभार्ली घाट लागतो. वेळ तेवढाच किंवा जास्तच जातो. गुहागरचा किनारा लांबलचक आहे, सुरूच्या बनाची सावली आहे, गर्दी पुळ्यापेक्षा कमी. दोन दिवस असतील तर मी पुळ्याआधी गुहागरच निवडेन. एका दिवसासाठी नाही.

ही नावं सध्या बाजूला ठेवा

मालवण-तारकर्ली सोलापूरहून चारशे किलोमीटरच्या आसपास. तिथलं पाणी हिवाळ्यात इतकं स्वच्छ असतं की स्कूबा डायव्हिंग तिथेच वाढलं. सिंधुदुर्ग किल्ला आहे, देवबागची खाडी आहे. इतकं सगळं असलेल्या गावी सहा तासांसाठी जाऊन येणं म्हणजे गेल्यासारखं न गेल्यासारखं होतं. दोन रात्री मिळतील तेव्हा जा.

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा पट्टा पुण्यावरून ताम्हिणी घाटाने गाठायचा. सोलापूर-पुणे २५० किलोमीटर आणि पुढे दीडशेच्या वर. पुण्यातून बाहेर पडण्यातच तास-दीड तास जाऊ शकतो. दिवेआगरचा किनारा सपाट आणि कुटुंबाला फार चांगला आहे, पण मुक्कामाने. काशीदची वाळू पांढरी म्हणून तिचे फोटो सगळीकडे दिसतात. तिथे लाट जोराची असते आणि किनारा झपकन खोल होतो. लहान मुलं सोबत असतील तर काशीदला पाण्यात उतरायचा बेत करू नका. गोवा तर विजापूर, बेळगाव करत गेलं तरी एका दिवसाचा नाही. त्यावर वेळ घालवत नाही.

मुरूडची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. जंजिऱ्याजवळचं मुरूड रायगड जिल्ह्यात आहे. दापोलीजवळचं मुरूड रत्नागिरी जिल्ह्यात. आणि आपल्या बार्शी-लातूर रस्त्यावरचं मुरूड लातूर जिल्ह्यात. मोबाइलच्या नकाशात नुसतं ‘मुरूड’ लिहिलं की सोलापुरात बसून बहुधा लातूरचंच पुढे येतं. हॉटेलचं आरक्षण करतानाही तालुका वाचून घ्या, कारण कोकणातल्या दोन मुरूडांमध्ये बराच रस्ता आहे.

म्हणजे पहिल्या खेपेला एका दिवसात खरोखर जमणारे पर्याय दोनच उरले. रेल्वेने अलिबागची बाजू, किंवा दोन चालक घेऊन रत्नागिरी-गणपतीपुळ्याची बाजू.

आता पंचांग उघडा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपण मैदानावरची माणसं इथेच चुकतो. नदीला पूर येतो तो पावसाने. समुद्र मात्र रोज दोनदा भरतो आणि दोनदा ओसरतो. एका भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ जातो, आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तासाने पुढे सरकते. त्यामुळे ‘सकाळी समुद्र कसा असेल?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. ते तिथीवर असतं.

कोकणात जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. भरती पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला, तर ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल असो की कृष्ण, दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासूनच मोजायचं. अलिबागकडे ही वेळ अर्धा-पाऊण तास उशिरा येते. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मोबाइलवर मिळते, आणि निघायच्या आदल्या दिवशी ती पाहायचीच. पण दोन महिने आधी तारीख निवडायला पाऊणपट पुरेशी आहे. त्यासाठी लागणारं पंचांग बहुतेक घरांत असतंच. दाते पंचांग तर आपल्याच सोलापूरचं.

आता यावरून दिवस कसा निवडायचा ते बघा. आपण किनाऱ्यावर असणार सकाळी सात ते दुपारी तीन, किंवा अलिबागला दहा ते चार. पौर्णिमा-अमावास्येला गेलात तर भर दुपारी समुद्र पूर्ण भरलेला. वाळूची पट्टी आखडलेली, लाटा थेट सुरूच्या झाडांपर्यंत. त्यात ही उधाणाची भरती, म्हणजे महिन्यातली सगळ्यात मोठी. जेवण करून दोनला पुन्हा पाण्यात जाल तेव्हा तेच सगळं पाणी जोरात मागे खेचलं जात असतं. दमलेली माणसं, भरलेलं पोट आणि ओसरता समुद्र एकाच वेळी येतात. सोलापूरहून गेलेल्यांसाठी हा सगळ्यात वाईट मेळ आहे. आणि सुट्टी बघून गेलेले कित्येक जण पौर्णिमेच्या चांदण्यासाठी मुद्दाम हाच दिवस धरतात. चांदणं मुक्कामाला असणाऱ्यांनी बघावं.

चतुर्थी ते अष्टमी हे दिवस आपल्याला सोयीचे. ओहोटी सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान येते, म्हणजे हातातल्या वेळेत किनारा रुंद, सपाट, ओली घट्ट वाळू उघडी पडलेली. मुलांना शंख-शिंपले, खेकड्यांची बिळं बघायला मिळतात, म्हाताऱ्या माणसांना चालायला कडक जमीन मिळते. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, भरती-ओहोटीतला फरकच कमी होतो आणि समुद्र एकूण सौम्य असतो. मुंबई-अलिबागकडे उधाणाला हा फरक चार मीटरच्या वर जातो, दक्षिणेकडे तो कमी होत जातो. म्हणून पुळ्यापेक्षा अलिबागला जाताना तिथी जास्त जपून बघा.

गणपतीपुळ्याला जाणार असाल तर यात आणखी एक चाळणी लावा. संकष्टीला, आणि त्यात अंगारकी असेल तर विचारायलाच नको, दर्शनाची रांग दिवस खाऊन टाकते. तेव्हा चतुर्थी सोडून पंचमी, षष्ठी, सप्तमी. अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर याच तीन तिथी चांगल्या, कारण ओहोटी दहा ते बाराच्या दरम्यान येते आणि तुम्ही नेमके तेव्हाच पोचलेले असता. अष्टमी-नवमीला पाणी पुरेसं खाली जात नाही, वाटेत पाणी राहतं. कुठल्याही तिथीला गेलात तरी किल्ल्याकडे निघण्यापूर्वी तिथल्या घोडागाडीवाल्याला विचारा, ‘काका, परत कधीपर्यंत यायला हवं?’ तो सांगेल त्याच्या अर्धा तास आधी परत या. कान्होजी आंग्र्यांचं आरमार ज्या किल्ल्यावरून चाललं तो किल्ला आहे, आत गोड्या पाण्याचा साठा आणि गणपतीचं देऊळ आहे. बघता बघता वेळ जातो आणि पाणी वाट बघत नाही.

शनिवार-रविवार आणि या तिथी एकत्र येतात असे दिवस महिन्यात एक-दोनदाच सापडतात. कॅलेंडरवर खूण करून त्यांचंच आरक्षण करा.

किनाऱ्यावर उभं राहून काय बघायचं

नाव कितीही प्रसिद्ध असो, पाण्यात जाण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून समुद्र बघा. लाटा लांबवर फुटून एकामागे एक ओळींनी पायापर्यंत येत असतील, ओली वाळू बारीक आणि कडक असेल, तर उतार मंद आहे. लाट अगदी काठावर येऊन एकदम आदळत असेल, वाळू जाडसर असून पाय घोट्यापर्यंत रुतत असतील, तर दोन पावलांवर खोल आहे असं समजा. अशा ठिकाणी गुडघ्याएवढं पाणी क्षणात छातीला लागतं, आणि परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते.

दुसरी खूण फसवी आहे. लाटांच्या पांढऱ्या फेसामध्ये एखादी पट्टी शांत, गडद, लाट न फुटणारी दिसते. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी त्याच वाटेने समुद्रात परत जात असतं. तिथे ओढ सगळ्यात जास्त. कुणी त्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, दमून जायला होतं. अंग पाण्यावर ठेवून किनाऱ्याला समांतर सरकायचं, ओढ सुटली की मग काठाकडे वळायचं. काठावरच्यांनी मागोमाग उडी मारायची नाही. दोरी, रिकामा पाण्याचा कॅन, काहीही तरंगणारं फेकायचं, जीवरक्षकाला हाक मारायची आणि ११२ ला फोन करायचा.

आपल्याकडची मुलं विहिरीत पोहायला शिकतात, आणि फार छान शिकतात. पण विहिरीचं पाणी जागेवर असतं. विहिरीत सूर मारणाऱ्या पोराला समुद्राची भीती नसते, म्हणून त्याच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. आमच्याकडे सहलीला निघणाऱ्या तरुण पोरांना मी एवढंच सांगतो की पोहणं येत असलं तरी आज कमरेच्या वर पाणी नाही, आणि लहानांना गुडघ्याच्या वर नाही. दारू घेतलेला माणूस पाण्यात नाही. खडकांवरचं हिरवं शेवाळ म्हणजे घसरण, तिथे फोटो नाही. नदी किंवा खाडी समुद्राला मिळते त्या तोंडाशी कधीच नाही, ओहोटीला तिथे पाणी फार वेगाने बाहेर पडतं.

तर मग कुठला किनारा

देवदर्शन आणि समुद्र दोन्ही हवं असलेल्या घराला गणपतीपुळे. स्वयंभू गणपती, पश्चिमेला तोंड केलेलं देऊळ, पायऱ्या उतरल्या की समुद्र आणि देवळामागच्या डोंगराला साधारण एक किलोमीटरची प्रदक्षिणा. ती प्रदक्षिणा सकाळी ऊन चढण्याआधी करा, समुद्र उजव्या-डाव्या बाजूने दिसत राहतो आणि आजी-आजोबांनाही झेपते. पण पुळ्याच्या समुद्राला ओढ आहे, तिथे माणसं बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. पाय भिजवा, त्यापुढे नाही. हे मी अगदी कळकळीने सांगतो, कारण देवाच्या दारात काही होणार नाही अशी भाबडी समजूत आपल्याकडे आहे.

पुळ्याहून रत्नागिरीला समुद्राकाठच्या रस्त्याने या. वाटेत आरे-वारे लागतं. वरच्या वळणावरून दोन बाजूंचे किनारे दिसतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्याला तो अशा उंचीवरूनच दाखवावा असं मला वाटतं. खाली पाण्यात मात्र उतरू नका. मुलांना वाळूत खेळायला रत्नागिरी शहराजवळचं भाट्ये बरं, सपाट आहे आणि सुरूची सावली आहे. फक्त खाडीच्या टोकापासून लांब, सुरूबनाच्या बाजूला बसा. भाट्याहून महामार्गाला लागणंही सोपं. म्हणून सकाळी पुळे, मग आरे-वारे, जेवून भाट्ये आणि तीन-साडेतीनला परतीचा रस्ता, असा दिवस चांगला बसतो.

अलिबागला गावचा किनारा काळसर, गाळाच्या वाळूचा. त्याचं मोल कुलाबा किल्ल्यासाठी. किल्ला झाला की रिक्षा करून वरसोलीला या, दोनेक किलोमीटरवर आहे आणि निवांत आहे. पाण्यातले खेळ, बनाना राइड वगैरे हवं असेल तर नागाव, पण सुट्टीच्या दिवशी तिथे मोठी गर्दी होते. किहीम मांडव्याच्या वाटेवर पडतं. परतताना संध्याकाळी पाचच्या आतली बोट धरायची असं डोक्यात ठेवा, शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहू नका. त्यातून एक फायदा होतो. सहाच्या सुमाराला तुम्ही गेटवेला असता, टॅक्सीने गिरगाव चौपाटी किंवा मरीन ड्राइव्ह गाठलं की सूर्यास्त तिथे मिळतो, जेवण होतं आणि सिद्धेश्वरला भरपूर वेळ राहतो.

ज्यांच्याकडे चालायला त्रास होणारी माणसं आहेत त्यांना अलिबागची बोट चढणं-उतरणं अवघड जाऊ शकतं. जेट्टीवर पायऱ्या असतात, बोट हलत असते. अशांनी त्या खेपेला मुंबईतच राहावं. चौपाटीही समुद्रच आहे, आणि आजीला ओल्या वाळूवर खुर्ची टाकून बसवली तर तिला अलिबाग राहून गेल्याचं दुःख होत नाही.

महिना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. गड्ड्याची यात्रा आटोपली की जानेवारीचा उत्तरार्ध मला सगळ्यात आवडतो. नाताळ ते ३१ डिसेंबर टाळा, गेटवेची रांगच तासभर खाते.

मे महिन्यात सोलापूर ४२-४३ अंशांवर तापलं की सगळ्यांना समुद्र आठवतो. कोकणात तेव्हा पारा तेहतीस-चौतीस दाखवतो आणि आपल्याला वाटतं गारवा मिळेल. पण आपलं ऊन कोरडं आहे, घाम येतो तसा वाळतो. तिकडची हवा दमट, घाम अंगावरच राहतो, आणि आपली माणसं अकरापर्यंत गळून जातात. मे महिन्यात जायचंच असेल तर अकरा ते चार सावलीत काढायची सोय असलेली जागा निवडा, दर तासाला पाणी, मधूनमधून मीठ-साखरेचं पाणी किंवा शहाळं द्या.

मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत समुद्र खवळलेला असतो, पाण्यातले खेळ बंद, किल्ल्यांच्या बोटी बंद. १ जूनपासून यांत्रिक मासेमारीलाही बंदी, म्हणजे ताज्या सुरमईसाठी गेलात तर तीही मिळणं कठीण. कोकणचा पाऊस बघायला घाटात जा, आंब्याला जा. १५ ऑगस्टच्या सुट्टीत किनाऱ्यावर जाण्याचा मोह मोठा असतो. नारळी पौर्णिमा होऊन कोळी बांधव स्वतः होड्या लोटतात, तोवर आपण थांबायला हरकत नाही.

सोबत काय

प्रवासाला कडक भाकरी आणि शेंगा चटणीसारखं दुसरं काही नाही, पण कडक भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात न्या. कोकणच्या हवेत ती तासाभरात मऊ पडते. टॉवेल आपल्या गावचे जाड आहेत, खारं पाणी पिऊन ते दिवसभर वाळत नाहीत. माणशी एक पातळ पंचा जास्त कामाचा. अंधारातून प्रवास म्हणून एक विजेरी, मुलांसाठी सुके कपडे दोन जोड, मोबाइलला प्लॅस्टिकची पिशवी, टोप्या. सोन्याचे दागिने घरी. किनाऱ्याजवळच्या घरगुती खानावळीत जेवण आधी फोन करून सांगितलं तरच वेळेवर मिळतं. शाकाहारी मंडळींना पुळ्याला अडचण येत नाही, मोदक, आंबोळी, घावन, सोलकढी मिळते. आंघोळीला आणि कपडे बदलायला दिवसभरासाठी एक खोली घ्या. चालकाची झोप आणि बायकांची सोय एकाच खोलीत पाळीपाळीने होते.

गाडी वाळूत नेऊ नका. ओली वाळू कडक वाटते, चाक बुडालं की भरती येईपर्यंत हाताशी वेळ फार थोडा असतो.

परतीची घड्याळं

रस्त्याने गेलात तर दुपारी साडेतीनला गाडी सुटली पाहिजे. त्यासाठी पाण्यातून शेवटचा माणूस दोनला बाहेर. मुलांना हे सकाळीच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी रडारड होत नाही. साडेपाचच्या आत साखरपा, आंबा घाट उजेडात, आठपर्यंत कोल्हापूर. तिथे जेवण आणि चालक बदल. कोल्हापूरला जो चालक बसेल त्याने दुपारी किमान चार तास झोपलेलं असावं, नसेल तर मिरजेला किंवा सांगलीला रात्र काढा आणि सकाळी निघा. लॉजच्या एका रात्रीची तरतूद खिशात ठेवूनच घराबाहेर पडा. साडेबारा-एकला सोलापूर लागतं, सांगोल्याच्या आधी एकदा चहाला थांबून.